दूध ओव्हर झालं म्हणजे संपलं की उतू गेलं? – चुलीपुढचं इंग्रजी

शाळेची_बाई – शुक्रवार, रात्री ९.४२

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. परवा सातवीच्या पोरांना इंग्रजीत पाच-सहा ओळी लिहायला सांगितल्या. विषय सोपा होता: घरी काय रांधलं आणि कसं रांधलं. पुस्तकातला सँडविच-सॅलड नको म्हटलं, तुमच्या घरातलं लिहा.

एका पोरीनं गव्हाच्या खिरीचं लिहिलं. तिची वाक्यं जशीच्या तशी देते: मदर पुट मिल्क ऑन चूल. आय वॉज प्लेइंग. मिल्क वॉज ओव्हर.

मी लाल पेनानं बाजूला लिहिलं, 'कोणी प्यायलं?' वही मिळाल्यावर ती तणतणत टेबलापाशी आली. 'बाई, कोनी पेलं नाई. गंजातून भाईर आलं, चूल इझली.'

म्हणजे पोरीला म्हणायचं होतं गंजातून, म्हणजे पातेल्यातून, दूध उतू गेलं, आणि मी वाचलं दूध संपलं. आपण सगळेच 'शुगर इज ओव्हर', 'गॅस इज ओव्हर' म्हणतो ना. खरी गोष्ट सांगते, त्या क्षणी मलाही 'उतू जाणे' आठवलं नाही. 'स्पिल्ड लिही' म्हणून तिला पाठवलं. घरी येऊन कणीक मळताना आठवलं, बॉइल ओव्हर. चौदा वर्षं इंग्रजी शिकवते आहे.

आमच्याकडे एक गाइड आहे, त्यात शंभर फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे अप-डाऊनसारखा शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांची, यादी आहे, अर्थासकट. पोरं ती पाढ्यासारखी म्हणतात. ब्रेक डाऊन, कॉल ऑफ, लुक आफ्टर. त्यात स्वयंपाकातली शोधली तर तीनच निघाली. म्हणून इथे विचारते, रांधण्या-वाढण्याची अशी क्रियापदं तुम्हाला कोणती माहीत आहेत आणि पोरांना ती कशी द्यावी? यादी नको, यादीनं माझं भागलेलं आहे.

तर्रीबाज – शुक्रवार, रात्री ९.५८

बाई, पोरगी बरोबरच हाये. दूध उतू गेलं म्हंजे संपलंच ना जी. आमच्या घरी तं दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात होतेत.

लीड्सवाली_सून – शुक्रवार, रात्री १०.२०

मी मूळची मोर्शीकडची, अकरा वर्षांपासून इंग्लंडात. बाई, तुमच्या विद्यार्थिनीचं पहिलं वाक्य बघा. 'मदर पुट मिल्क ऑन' हे तिनं अगदी इथल्या लोकांसारखं लिहिलंय! इथे चहा करायचा असला की म्हणतात, पुट द केटल ऑन. भात लावायचा असला की पुट द राइस ऑन. कशावर ठेवायचं ते बोलायचं नाही, ते समजलेलं असतं. आपणही 'चहा ठेव' म्हणतो, चुलीवर ठेव असं कोण म्हणतं? आजी 'आधण ठेव' म्हणायची, तेही तेच. फक्त चूल हा शब्द तिनं जास्तीचा घातला.

संपलं यासाठी इथे 'रन आउट ऑफ' म्हणतात. वी हॅव रन आउट ऑफ मिल्क. मी नवी होते तेव्हा दुकानात 'माझी साखर ओव्हर झाली' म्हटलं, तर दुकानदार वाक्य पुढे जाईल म्हणून वाट बघत उभा.

बाकी उद्या लिहिते. वॉशिंग अप पडलंय. हेही घ्या तुमच्या यादीत, वॉश अप म्हणजे भांडी घासणं.

कोपरभर_कणीक – शुक्रवार, रात्री १०.४१

वॉश अप म्हणजे हात-तोंड धुणं ना? मी एका व्हिडिओत तसं ऐकलं.

लीड्सवाली_सून – शनिवार, दुपारी ३.०५

दोन्ही बरोबर, देश वेगळे. ब्रिटनमध्ये वॉश अप म्हणजे भांडी, अमेरिकेत हात-तोंड. आमच्याकडे एकदा नवऱ्याचा अमेरिकन सहकारी जेवायला आला होता. जेवण होत आलं तशी मी म्हटलं, आता आवरते. तो उठला आणि म्हणाला, आय विल जस्ट वॉश अप. मी इतकी भारावले, पाहुणा असून भांडी घासतोय! 'अहो नको नको' म्हणत मागे गेले तर हा बाथरूममध्ये हात धुतोय. भांडी मीच घासली.

कोपरभर_कणीक – शनिवार, दुपारी ३.४०

मी दर्यापूर तालुक्यातली, घर आणि शेत दोन्ही बघते. इंग्रजी दहावीपुरतं. पण केक आणि नानकटाईचे व्हिडिओ बघून बघून कानाला सवय झाली आहे. माझा अनुभव सांगते, बाईंना उपयोगी पडेल.

'फोल्ड इन' ऐकलं तेव्हा मला वाटलं पिठाची घडी घालायची, चौघडी पोळीसारखी. पातळ पिठाची घडी कशी घालणार? मग त्या बाईचा हात नीट बघितला. ती चमचा कडेनं खाली नेत होती, तळातून पीठ उचलून वर आणून सोडत होती, पुन्हा कडेनं खाली. फेटत नव्हती. मी म्हटलं हे तर आपण ढोकळ्याच्या पिठात सोडा टाकल्यावर करतो! हलक्या हातानं, वारा मोडू न देता. तेव्हापासून फोल्ड इन डोक्यात पक्कं.

तसंच 'रब इन'. लोणी रब इन करा म्हणे मैद्यात. मी म्हटलं कुठे घासायचं? तर ते निघालं शंकरपाळ्याचं मोहन चोळणं. पिठाची मूठ वळली पाहिजे आणि बोट लावलं की मोडली पाहिजे. शब्द त्यांचा, काम आपल्या आजीचं.

शाळेची_बाई – शनिवार, रात्री ८.१५

ताई, हे मला फार कामाचं आहे. अर्थ सांगण्यापेक्षा 'हे म्हणजे आपलं अमुक' असं सांगितलं की पोरं लवकर पकडतात. दुधाचंच अजून सांगा ना. आमच्या पोरांच्या घरी गाई-म्हशी आहेत, दूध त्यांना माहीत आहे.

कोपरभर_कणीक – शनिवार, रात्री ९.३०

दूध एकच, बाई, पण गंज चुलीवर चढवला की त्याच्या चार तऱ्हा होतात. आधी कडेनं बारीक बुडबुडे, मग मधून उकळी फुटते. लक्ष गेलं की साय फुगून काठावर येते आणि उतू जाते. आच बेताची ठेवून ढवळत बसलं की आटते, सराट्यानं कडेची साय खरवडून आत ढकलत राहिलं की बासुंदी. आणि आपण फोनवर बोलत राहिलो की सगळं आटून जातं, बुडाला खरपुडी लागते आणि गंज दोन दिवस भिजत घालावा लागतो. ह्या चौथ्या तऱ्हेत माझा हात कोणी धरू शकत नाही.

ह्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते लीड्सवाल्या ताई सांगतील.

लीड्सवाली_सून – शनिवार, रात्री ११.१०

वा, चारही तऱ्हांना बॉइलच लागतं, फक्त शेपूट बदलतं. उकळी आणणं म्हणजे बॉइल अप. कृतीच्या पुस्तकात 'ब्रिंग टू द बॉइल' लिहितात. उतू जाणं बॉइल ओव्हर. आटवणं बॉइल डाऊन. आणि तुमची चौथी तऱ्हा बॉइल अवे, पाणी किंवा दूध आटून नाहीसंच होणं.

आपल्याकडे बघा, उकळणं, उतणं, आटणं हे मुळातच वेगळे धातू आहेत. इंग्रजी एकाच बॉइलला वर, खाली, पलीकडे, दूर असं पळवते.

दोहातला_कुक – रविवार, पहाटे १.२५

डूटी संपली, आता वाचलं. मी वाशिम जिल्ह्यातला, सहा वर्षं झाली हॉटेलच्या किचनमदी हावो. आधी पुण्यात, आता इकडं. बाई, तुमच्या पोराइले ह्या धाग्याची खरी गरज हाये, माह्यासारख्यानं हे आधी शिकलं असतं तं एक मासा वाचला असता.

पुण्यात नवीन होतो. तव्यावर मासा टाकलेला. मोठा शेफ मागून वरडला, टर्न इट डाऊन! मले टर्न म्हंजे पलटणं माहीत, डाऊन म्हंजे खाली. म्या मासा पलटला. तो अजून खालून धरला नव्हता, मधून दोन तुकडे झाले. शेफ पुन्हा वरडला, टर्न इट डाऊन! म्या म्हटलं अजून पलटवा लागते का काय, आन् म्या तो दुसऱ्यांदा पलटला. त्याचा भुगा झाला. शेफनं येऊन मले बाजूला केलं अन् गॅसचं बटन फिरवलं.

फिरवाचं ते बटन, मासा नाई.

तवापासून टर्नचं मी वहीत लिहून काढलं. टर्न डाऊन म्हंजे आच कमी, टर्न अप म्हंजे वाढव, टर्न ऑफ म्हंजे बंद, टर्न ओव्हर म्हंजे पलटव. अन् टर्न आउट म्हंजे केक डब्यातून उपडा करून काढणं. एकाच टर्नचे पाच. पलटवाचं असतं तं तो टर्न इट ओव्हर म्हणला असता.

तर्रीबाज – रविवार, सकाळी ८.१२

भाऊ, दुसऱ्यांदा काऊन पलटला पण? 😄

दोहातला_कुक – रविवार, सकाळी ८.५०

भेलो ना बापा.

कापूसकरी – रविवार, सकाळी १०.०३

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं बोलतो. हा सगळा खटाटोप कशाला? चॉप म्हटलं तरी चिरणं, चॉप अप म्हटलं तरी चिरणंच. बॉइल डाऊनच्या जागी रिड्यूस म्हणता येते, कृतीच्या पुस्तकात तेच लिहिलेलं असते. पोरांना एकेक सरळ शब्द शिकवा, परीक्षेत चालतो, नोकरीतही चालतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० पासून राज्यात पहिलीपासून झालं, आणि तरी पोरं बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यावर ही अप-डाऊनची शिडी कशाला ठेवता?

निवृत्त_मास्तर – रविवार, दुपारी १.३०

कापूसकरी, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. रिड्यूस, ड्रेन, रिमूव्ह हे शब्द लिहिण्यात येतात आणि लिहिताना तेच शोभतात. पण किचनमध्ये ओरडताना कोणी रिमूव्ह म्हणत नाही, टेक इट ऑफ म्हणतो. दोहातल्या भाऊंचा मासा लिहिलेल्या इंग्रजीनं मोडला नाही, बोललेल्या इंग्रजीनं मोडला.

आणि 'चॉप म्हटलं तरी तेच' याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. मी पस्तीस वर्षं मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं, बुलढाणा जिल्ह्यात.

तुम्ही घरात 'कांदा चीर' म्हणता आणि 'कांदा चिरून टाक' म्हणता. दोन्हीत कांदा चिरलाच जातो. पण 'चिरून टाक' मध्ये काम उरकण्याचा भाव आहे, एकदाचं पूर्ण कर. 'चिरून घे' म्हटलं की पुढच्या कामासाठी तयार ठेव. 'चिरून दे' म्हटलं की दुसऱ्यासाठी. 'चिरून ठेव' म्हटलं की आत्ता नाही लागत, नंतर लागेल. हे टाक, घे, दे, ठेव मुख्य क्रियापदाच्या मागे उभे राहतात आणि त्याचा रंग बदलतात. व्याकरणात आपण याला संयुक्त क्रियापद म्हणतो. इंग्रजी तेच काम अप, डाऊन, ऑफ, आउट या चिमुकल्या शब्दांकडून करून घेते. चॉप अप म्हणजे चिरून टाक. ईट अप म्हणजे खाऊन टाक, ताटात ठेवू नको. ड्रिंक अप, पिऊन टाक. यूज अप, वापरून संपव. इथला अप म्हणजे वर नव्हे, आपला 'टाक' आहे.

आता गंमत बघा. परदेशी माणूस मराठी शिकायला आला आणि तुमच्या घरात त्यानं ऐकलं, 'भात टाकला का?' टाकणे म्हणजे फेकणे हे त्याला कोशात सापडलंय. तो उकिरड्याकडे बघेल. मग तुम्ही म्हणाल, 'भात टाकून घे', म्हणजे शिजत घाल. आणि संध्याकाळी म्हणाल, 'तो भात टाकून दे', म्हणजे आता खरंच फेक. घे आणि दे, एवढ्याशा फरकावर त्या भाताचं नशीब ठरतं. 'दोन पोळ्या टाक' म्हटलं तर तो काय करेल ते विचारू नका. आपण हे सगळं तीन वर्षांचे असताना कोणत्याही यादीशिवाय शिकलो. मग पोरांना सांगा ना, तुम्हाला हे येतंच, फक्त शेपटाची जागा बदलली आहे.

नावाचं विचाराल तर या प्रकाराला फ्रेजल व्हर्ब हे नाव फार जुनं नाही. लेखक लोगन पीअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ते छापलं, आणि हे नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं त्यांनीच नोंदवलं. क्रियापदं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडात होती.

कापूसकरी – रविवार, दुपारी २.१०

भाताचं पटलं सर. हसलो. पण मग हे सांगा, लीड्सवाल्या ताई परवा दुसऱ्या धाग्यात म्हणाल्या होत्या, द मिल्क हॅज गॉन ऑफ, म्हणजे दूध नासलं. आणि घड्याळाचा अलार्म गोज ऑफ म्हणजे वाजला. लाइट गोज ऑफ म्हणजे गेली. नासलं, वाजला, गेली, तिन्हीला ऑफ. ह्यात कोणतं शेपूट लावाल?

निवृत्त_मास्तर – रविवार, दुपारी २.४५

इथे माझी गाडी अडली, कबूल. काही पाठच करावी लागतात. आपण तरी दूध 'फाटलं' का म्हणतो? कापड आहे का ते?

लीड्सवाली_सून – रविवार, सायंकाळी ५.२०

गो ऑफ हे ब्रिटनचं. अमेरिकेत दूध गोज बॅड. पोरांना दोन्ही सांगितलेलं बरं.

मास्तरांचं वाचून एक सुचलं. मधे 'इट' आलं की पोरं चुकतात, त्याचा नियम नक्की सांगा. चॉप अप द ओनियन्स बरोबर, चॉप द ओनियन्स अप हेही बरोबर. पण कांद्याऐवजी 'इट' किंवा 'देम' आलं तर ते मधेच बसवावं लागतं. चॉप देम अप. चॉप अप देम असं इथे कोणीच म्हणत नाही. लहान पाहुणा मधे बसतो, मोठा कुठेही बसला तरी चालतो. आणि बॉइल ओव्हर, गो ऑफ यांना कर्म लागतच नाही. दूध आपलं आपण उतू जातं, आपण त्याला उतू घालत नाही.

दोहातला_कुक – रविवार, सायंकाळी ६.०२

ह्या नियमानं माही वही अर्धी सुधारली ताई.

पऱ्हाटीवाला – रविवार, सायंकाळी ७.१५

मले इंग्रजी येत नाई, पण रोडगे येतेत. रोडग्याचं सांगू का? प्रकटदिनाच्या भंडाऱ्याले आमच्या गावात दरसाल करतो. तुमी त्याले इंग्रजीत करा.

जाडसर कणीक दळून आनाची, मीठ, ओवा, मोहन घालून घट मळाची. छोट्या पुऱ्या लाटाच्या, तेल लावून एकीत एक भराच्या, मंग सगळ्याइचा मिळून एक गोळा वळाचा. गोवऱ्या पेटवाच्या, धूर जाऊ द्याचा, आर झाला का त्याच्यात रोडगे भाजाचे, वरून बी आर लोटाचा. काढले का राख झटकाची, फडक्यानं पुसाचे, फोडाचे, आन् मधी तूप सोडाचं. सोबत वांग्याची भाजी. रस्सा बोटानं पुसून खाल्ला नाई तं जेवला नाई.

सांबारवडी – रविवार, सायंकाळी ७.३१

रोडग्यात पुऱ्या दोन भरायच्या की चार? आमच्याकडे चार.

पऱ्हाटीवाला – रविवार, सायंकाळी ७.३३

जेवढ्या बसतीन तेवढ्या.

तर्रीबाज – रविवार, सायंकाळी ७.४०

आता हा धागा रोडग्याकडे गेला. बाईची पोट्टी राह्यली एकीकडे.

लीड्सवाली_सून – रविवार, रात्री १०.५५

जाऊ दे हो, इतकं छान सांगितलंय. घ्या इंग्रजी. पुऱ्या लाटणं म्हणजे रोल आउट. भाकर असती तर थापण्याला पॅट आउट म्हटलं असतं. तूप-तेल वरून लावणं ब्रश ऑन. राख झटकणं ब्रश ऑफ. ऑन आणि ऑफनं तेलाला चिकटवलं, राखेला उडवलं, क्रियापद एकच. रोडगा फोडणं ब्रेक अप किंवा ब्रेक ओपन. आणि रस्सा पोळीनं पुसून खाण्याला इथे मॉप अप म्हणतात, म्हणजे फरशी पुसतात तोच शब्द. बोटानं पुसण्याला त्यांच्याकडे शब्द नसेल, कारण ते तसं चारचौघांत करत नाहीत. त्यांचं नुकसान.

गोवऱ्यांच्या आराला मात्र माझ्याकडे काहीच नाही.

शाळेची_बाई – रविवार, रात्री ११.२०

मला एक अडचण आहे. दोहातल्या भाऊंचं टर्न डाऊन मी आज घरी आलेल्या पोरांना सांगितलं. एकानं विचारलं, 'बाई, चुलीले बटन कुठी हाये?' निम्म्या घरी अजून चूलच पेटते. आच कमी करायची म्हणजे लाकूड मागे ओढायचं. त्याला काय म्हणू?

लीड्सवाली_सून – सोमवार, दुपारी ४.०८

पुल द वुड बॅक. आणि आच आपोआप उतरू द्यायची असेल तर लेट द फायर डाय डाऊन. विस्तव पूर्ण विझला तर द फायर वेंट आउट. कोणी किंवा कशानं विझवला तर पुट आउट. तुमच्या पोरीच्या चुलीला हेच झालं, दुधानं चूल पुट आउट केली. म्हणजे दूध पुट ऑन केलं आणि शेवटी चूल पुट आउट झाली.

सांबारवडी – सोमवार, दुपारी ४.४०

पुरणाचंही घ्या ना कोणीतरी. पोळ्याला आमच्याकडे पुरणपोळी असतेच. डाळ शिजली की वेळून पाणी काढतो, त्या येळवणीची आमटी होते. ते वेळणं म्हणजे ड्रेन ऑफ ना? आणि डाळ निवडणं म्हणजे पिक ओव्हर हे मला मुलाच्या पुस्तकात दिसलं होतं. पिक अप म्हणजे उचलणं, पिक ओव्हर म्हणजे सुपात पसरून खडे बघणं. मी तेव्हा म्हटलं, खडे इंग्रजांच्या डाळीतही असतात तर.

उरलेल्याला लेफ्टओव्हर म्हणतात, तोही असाच जोडशब्द. शिळ्या पोळीचा कुस्करा केला की मी मुलांना म्हणते, आज लेफ्टओव्हर्स यूज अप. खातात तरी.

निवृत्त_मास्तर – सोमवार, सायंकाळी ६.३०

पोरांना आवडेल असं एक देतो आणि थांबतो. बटर अप म्हणजे कोणाची खुशामत करणं. आपण काय म्हणतो? लोणी लावणं! दोन्ही भाषांत खुशामतीला दुधातूनच काढलंय. पण एग ऑन म्हणजे कोणाला चिथावणं, त्यात अंडं शोधू नका. तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या चिथावण्याच्या क्रियापदातून आलाय, अंड्याशी त्याचं नातं नाही.

आणि इट बॉइल्स डाऊन टू म्हणजे 'सार असं की'. आटवून जे उरतं ते सार, आणि आपण आमसुलाचंही सारच करतो.

शाळेची_बाई – शुक्रवार, रात्री ९.१०

आठवडा झाला, सांगायचं राहिलं होतं.

बुधवारी दुसऱ्या तासाला सातवीला घेऊन मी पोषण आहाराच्या खोलीसमोर बसले. खिचडी रांधणाऱ्या ताईंना आधी विचारून ठेवलं होतं. त्यांना वाटलं तपासणी आहे. नाही म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं करा, फक्त हळू करा. त्या करत गेल्या आणि पोरं ओरडत गेली. तांदूळ-डाळ सुपात, पिक ओव्हर. आलू-कांदा पावशीवर, चॉप अप. पाणी चढवलं, पुट ऑन. पहिल्या पाच मिनिटांत सगळे लाजत होते, मग इतका गोंगाट झाला की पाचवीचे सर बघायला आले. ताईंनी गॅसचं बटन फिरवलं तेव्हा एक पोरगा उभा राहून म्हणाला, 'बाई, टर्न डाऊन! मासा नाई, बटन!' दोहातल्या भाऊंचा मासा आमच्या शाळेत प्रसिद्ध आहे, त्यांना कळवते.

सगळ्यांना आलं असं नाही. तिघं-चौघं अजून चॉप अप इट म्हणतात. एकानं वाढण्याला डिश आउट ऐवजी डिश अवे लिहिलं, त्याच्या वाट्याला खिचडी आलीच नसती. यादी पाठ करणाऱ्या हुशार मुलीला हे सगळं आवडलं नाही, तिला परीक्षेत काय येईल ते हवं होतं. तिचंही चूक नाही.

खिरीवाल्या पोरीला म्हटलं, तुझं परवाचं पुन्हा लिही. मधल्या सुट्टीत जेवता जेवता ताट बाजूला ठेवून लिहिलं, वहीवर हळदीचं बोट उमटलंय. जसंच्या तसं देते:

मदर पुट द मिल्क ऑन. आय वॉज प्लेइंग. द मिल्क बॉइल्ड ओव्हर अँड पुट द फायर आउट. वी रॅन आउट ऑफ मिल्क. नोबडी ड्रँक इट अप.

शेवटचं वाक्य वाचून मी तिच्याकडे बघितलं. म्हणाली, 'तुमी इचारलं होतं ना बाई, कोनी पेलं म्हून.'